हरकत आहे

मराठी माणूस दिवसातून किती वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो, ते कोणी मोजलेलं नाही. दूधवाला उशिरा आला, हरकत नाही. शेजाऱ्याने गाडी आपल्या जागेत लावली, हरकत नाही. (ती नंतर घरात, दार लावून घ्यायची.) पण आमच्या टेकडीवर असे एक गृहस्थ आहेत की त्यांच्या तोंडून हे दोन शब्द एकापाठोपाठ आलेले मी कधी ऐकले नाहीत. पहिला ऐकलाय. रोज ऐकतो.

टेकडीवर सगळे त्यांना हरकतकाका म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. या नावालाही त्यांची हरकत होतीच, पण ती नोंदवायची कोणाकडे, याबाबतीत सक्षम प्राधिकारी कोण, हे न ठरल्यामुळे नाव टिकून राहिलं.

टेकडी कुठली ते सांगत नाही. पुण्यात टेकड्या पुष्कळ, आणि प्रत्येक टेकडीच्या माणसांना आपली ती टेकडी आणि बाकीचे उंचवटे वाटतात. वेताळ टेकडीवाले समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतात, पर्वतीवाले पायऱ्या मोजतात, तळजाईवाले मोर मोजतात. आमची त्यांच्याच भाऊबंदकीतली. वर मारुती, पायथ्याला एका अंगाला सोसायट्या, दुसऱ्या अंगाला वस्ती, आणि मागे जुनी दगडाची खाण, तिच्यात पावसाळ्यात तळं होतं. मालकी म्हणाल तर काही भाग एका सरकारी खात्याचा, काही पालिकेचा, काही खासगी. आणि एक लांबट पट्टा असा आहे, की तो कोणाचा हे मोजणीवाले आले की ठरतं आणि ते गेले की पुन्हा विसरतं.

काका पावणेसहाला वर येतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेरिकॉटची पँट, आणि पँटीवरून गुडघ्यापर्यंत ओढलेले फुटबॉलचे मोजे. हे मोजे बघून नवी माणसं हसतात, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा गवतातून चालून घरी गेली, की सोफ्यावर बसून सुईने कुसळं काढत स्वतःचंच हसू आठवतात. काकांच्या खांद्याला एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी असते. तिच्यात फाईल, दोन कार्बन, स्टेपलर, डिंकाची बाटली, मोजपट्टी आणि शिट्टी. हातात वेताची काठी. ती कुत्र्यांसाठी असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं. एकदा जवळून पाहिली तर तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाची खूण होती.

“अरे ए तरुण,” त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. “इकडे ये. ही पायवाट किती रुंद आहे?”

“असेल चार-पाच फूट.”

“एकशे साठ सेंटिमीटर. जानेवारीत एकशे दहा होती. पावसात इथे पाणी साचतं, तुम्ही बूट भिजू नयेत म्हणून कडेने जाता, मग ती कड वाट होते, मग त्या वाटेत पाणी साचतं. दहा वर्षांनी या टेकडीवर नुसती वाट राहील. बाजूला टेकडी नसेल.”

काकांनी चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. म्हणजे दुसऱ्याच्या वहीत लाल शाईने प्रश्नचिन्हं काढण्याबद्दल त्यांनी चौतीस वर्षं पगार घेतला आणि आता निवृत्तिवेतन घेऊन तेच फुकट करतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ साली ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. त्यांतल्या अकरा काकांच्या. “ऐंशी हजारांतल्या बहुतेक छापील नमुन्यावर सह्या,” ते सांगतात. “माझ्या अकराही स्वतंत्र. प्रत्येकीची पोच आहे.” पोच हा काकांचा लाडका शब्द. मुलगा अमेरिकेत सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हासुद्धा, काकू म्हणतात, यांनी आधी किती वाजता पोचला ते लिहून घेतलं आणि मग कसा आहेस विचारलं.

काकूंचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो की घरात काकांची एकही हरकत दाखल होत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर ते पापड मागून घेतात.

तर, दीड-दोन वर्षांमागे टेकडीवर बातमी आली. टेकडीच्या जंगलाचा दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा होणार आणि तो लोकसहभागातून होणार. कुठली झाडं ठेवायची, कुठली काढायची, वाटा किती, वणवा लागला तर काय, हे सगळं लोकांना विचारून.

‘लोकसहभाग’ हा शब्द जंगलखात्याच्या कागदांत काही नवा नाही. केंद्राचं संयुक्त वनव्यवस्थापनाचं परिपत्रक १९९० सालचं, महाराष्ट्राचा शासननिर्णय १९९२ चा. पण ते खेड्यांसाठी. तिथे हिशेब सरळ होता: गावाने जंगल राखायचं, आणि त्या बदल्यात गवत, बांबू, सरपण यांत गावाला वाटा मिळायचा. शहरातल्या माणसाला जंगलात कसला वाटा द्यायचा? त्याला हवेत गुडघे, साखर आटोक्यात, आणि सकाळी कोणाशी तरी राजकारणावर भांडण. २०२० साली जागतिक पर्यावरणदिनी केंद्राने दोनशे नगरवनांची घोषणा केली आणि वारज्याच्या वनाचं उदाहरण दिलं, तेव्हापासून आमच्या टेकडीवरही ‘आपणही काहीतरी’ सुरू झालं होतंच. आता आराखडाच म्हटल्यावर सगळे सरसावले.

पहिली बैठक शाळेच्या हॉलमध्ये, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. खुर्च्या चाळीस मांडल्या होत्या आणि माणसं सव्वाशे आली. भिंतीवर टेकडीचा भला मोठा नकाशा लावला होता. साहेबांनी “नकाशा जवळून पाहून घ्या” म्हटलं मात्र, सगळी सभा उठून नकाशाला भिडली. पुढची वीस मिनिटं प्रत्येकजण आपण बसतो तो बाक शोधत होता. ज्यांना बाक सापडला ते परत येऊन बसले आणि सभेकडे दुर्लक्ष करून फोन पाहू लागले. ज्यांना नाही सापडला ते म्हणाले, नकाशा चुकीचा आहे.

मग काका उठले. त्यांच्या हातात सतरा मुद्द्यांचा कागद होता.

“मुद्दा एक. बैठकीच्या वेळेला माझी हरकत आहे.”

हॉलमध्ये एक ‘झालं सुरू’ असा उसासा फिरला.

“मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोण येऊ शकतं? निवृत्त माणसं. इथे बघा. माझ्यासारखे टकले मोजा. साहेब, हा आराखडा टकल्यांसाठी होणार. टेकडी टकली होऊ नये म्हणून आपण जमलो आहोत ना?”

लोक खूप हसले. काकांनी विनोद केलाच नव्हता, त्यामुळे ते हसू थांबेपर्यंत कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. साहेब मात्र भले माणूस. पुढची बैठक रविवारी संध्याकाळी, आणि वस्तीच्या समाजमंदिरात घ्यायची असं तिथल्या तिथे ठरलं. इतिवृत्त लिहायला कोणी तरुण माणूस हवा, असं साहेब म्हणाले आणि काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासूनची सगळी इतिवृत्तं माझ्या अक्षरात आहेत आणि प्रत्येकावर काकांच्या अक्षरात दुरुस्त्या आहेत.

टेकडीवर किती जाती आहेत ते मला तोवर माहीत नव्हतं. पळणारे वेगळे, चालणारे वेगळे. कुत्री आणणारे वेगळे, कुत्र्यांना घाबरणारे वेगळे, आणि आपलं कुत्रं चावत नाही असं लांबून ओरडून सांगणारे हा तिसराच पंथ. मोरांना शेव घालणारे, मुंग्यांना साखर घालणारे, सूर्याला पाणी घालणारे. हास्यक्लब. दुर्बीणवाले, जे हास्यक्लबामुळे पक्षी उडतात म्हणून दुःखी. पण मुख्य तट दोनच: झाडवाले आणि गवतवाले.

झाडवाले संख्येने जास्त. दर रविवारी दोन-दोन लिटरच्या जुन्या बाटल्या भरून वर नेतात, लावलेल्या रोपांना घालतात. पायऱ्यांवर सत्तरीच्या बायका एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातात बाटली घेऊन चढताना दिसतात, तेव्हा कोणाची काही बोलायची छाती होत नाही. त्यांचं म्हणणं साधं: जिथे झाड नाही ती जागा मोकळी, आणि मोकळ्या जागेवर पुढेमागे बिल्डरचा डोळा जातो. पुण्यात राहून या भीतीला खुळचट म्हणणं अवघड आहे. समाविष्ट तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं की किती बांधकाम होऊ द्यायचं, यावर हे शहर कित्येक वर्षं भांडलेलं आहे.

गवतवाले मूठभर. त्यांचे पुढारी वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते हळू बोलतात आणि बोलताना खाली जमिनीकडे बघतात, त्यामुळे लोकांना वाटतं यांचं काहीतरी हरवलंय. “ही जागा मोकळी नाही हो,” ते म्हणतात. “वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस, वीतभर मुरूम, खाली काळा कातळ. इथे मुळात गवताळ रानच होतं. मधे मधे सालई, गणेर, पळस, मेडशिंग. तुम्ही माथ्यावर वड-पिंपळ लावता, ते जगत नाहीत. आणि जगले तर डोंबारी जातो.”

“कोण डोंबारी?” झाडवाल्या बाईंनी विचारलं. “त्याची झोपडी आहे का वर?”

डोंबारी हा चंडोलाच्या कुळातला, चिमणीएवढा पक्षी. नर हवेत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा वर चढतो, म्हणून डोंबारी. घरटं उघड्या जमिनीवर करतो, ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला. आपण ‘ओसाड’ म्हणून जिथे जूनमध्ये खड्डे घेतो, नेमकं तिथे. हे सगळं प्राध्यापकांनी सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग त्याला झाडावर घरटं करायला काय होतंय? बाकीचे करतात ना?” यावर प्राध्यापक पुन्हा जमिनीकडे पाहू लागले.

काका कोणत्या बाजूचे? दोन्ही बाजूंना वाटायचं आपल्या नाहीत, आणि ते खरं होतं. झाडवाल्यांना त्यांची हरकत अशी, की लावलेल्या रोपांची नोंदवही नाही. किती लावली, किती जगली, जगली नाहीत ती कोणाच्या खात्यावर टाकायची? “वनमहोत्सव १९५० पासून चालू आहे,” ते म्हणत. “लावलेली सगळी झाडं जगली असती तर आज माणसांना उभं राहायला जागा नसती.” गवतवाल्यांना हरकत अशी, की गवताची मोजणी पावसाळ्यात एकदाच केली. हिशेब एका महिन्याचा बघून ताळेबंद काढतात का?

खरा भडका उडाला तो उंदीरमारीवरून. उंदीरमारी म्हणजे गिरीपुष्प, ग्लिरिसिडिया. मूळची मध्य अमेरिकेतली. फांदी खोचली तरी लागते, गुरं तोंड लावत नाहीत, पाण्यावाचून जगते, म्हणून चाळीसेक वर्षांमागे पुण्याच्या टेकड्यांवर तिची सपाटून लागवड झाली. आता आमच्या निम्म्या उतारावर तीच आहे, आणि तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. फेब्रुवारीत पानं झडून ती गुलाबी फुलांनी भरते, तेव्हा लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि जपान म्हणून पाठवतात. बाजूलाच गणेर पिवळाधमक फुललेला असतो. त्याला कोणी विचारत नाही, कारण तो जपानसारखा दिसत नाही.

प्रारूपात होतं की उंदीरमारी टप्प्याटप्प्याने विरळ करावी. हॉल दुभंगला. ‘एक फांदी तोडू देणार नाही’ इथपासून ‘वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा काय सांगतो’ इथपर्यंत. एका तरुणीने झाडाला मिठी मारून बसण्याचा इरादा जाहीर केला. कोणत्या झाडाला, असं विचारल्यावर ती म्हणाली, फोटोवालं, गुलाबी.

काका उठले. “ही झाडं मी लावली आहेत.”

सगळे वळले.

“पंच्याऐंशी साली. कार्यालयाचं श्रमदान होतं. मी स्वतः दोनशे चौदा फांद्या खोचल्या. नोंद आहे. तेव्हा आम्हाला सांगितलं टेकडी हिरवी करा, आम्ही केली. ती चूक होती. लेखापरीक्षणात चूक ज्याने केली त्याच्याच हाताने दुरुस्त करून घेतात. सबब माझी दोनशे चौदा आधी काढा. बाकीच्यांवर नंतर वाद घाला.”

“पण तुमची कुठली ते ओळखणार कसं, काका?” कोणीतरी विचारलं.

काका प्रथमच गप्प झाले. पंच्याऐंशी साली त्यांच्याकडे खुणांची काठी नव्हती.

दुसरी बैठक वस्तीत झाली ती मात्र माझ्या लक्षात राहिली ती काकांमुळे नव्हे. विषय होता वणवा. प्रारूपात त्यावर आठ पानं होती: जाळरेषा किती मीटरची, कधी काढायची, पाण्याच्या टाक्या कुठे. साहेबांनी ती वाचून दाखवली. मग कोपऱ्यातल्या एक मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. डोक्यावरून सरपण आणणाऱ्या त्या दोन-चार जणींपैकी. सकाळी आम्ही वर जाताना त्या खाली येत असतात आणि आम्ही त्यांना वाट देतो, तेवढीच आमची ओळख.

“आग कुठनं लागती ते आमाला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “सायेब, ती पोरं बिड्या वढत्यात त्यानं एखाद्या टायमाला. खरी आग लागती ती तिकडनं, सोसायट्यांच्या भिताडामागनं. यांचे माळी समदा पालापाचोळा भिताडापल्याड टाकत्यात आन दुपारच्याला पेटवून जेवाया जात्यात. वारं सुटलं की चाललं वर. तुमी रेघ वर मारताय. रेघ खाली मारा.”

समाजमंदिरात एकदम शांतता झाली. आम्ही सोसायटीवाले आपापल्या माळ्यांचे चेहरे आठवत बसलो. आठ पानांत जे नव्हतं ते दोन मिनिटांत आलं होतं. साहेबांनी पेन काढून नकाशावर खालच्या बाजूने रेघ ओढली.

“हरकत आहे,” काका म्हणाले.

मला खरंच वाटलं, या माणसाला आता कोणीतरी आवरावं.

“सूचना उत्तम आहे. पण तोंडी आहे. तोंडी सूचना इतिवृत्तात एका ओळीत जाते आणि पुढच्या साहेबाला दिसत नाही. नमुना ‘अ’ मध्ये लेखी हवी.” आणि त्यांनी पिशवीतून नमुना ‘अ’ काढला, कार्बन घातला, मांडी घालून मावशींच्या समोर बसले आणि म्हणाले, “सांगा. सावकाश सांगा.” पाऊण तास लागला. ‘भिताडामागनं’ लिहावं की ‘संरक्षक भिंतीच्या बाह्य बाजूस’ यावर त्यांची थोडी घासाघीस झाली, मावशी हटल्या नाहीत, ‘भिताडामागनं’ राहिलं. शेवटी काकांनी शाईची डबी उघडली, तेव्हा मावशींनी तिच्याकडे आणि काकांकडे एक नजर टाकली, कमरेच्या बटव्यातून स्वतःचं पेन काढलं आणि खाली पल्लेदार सही ठोकली. काकांनी डबी मिटली. कागदाकडे बराच वेळ पाहत म्हणाले, “सही माझ्यापेक्षा बरी आहे.” त्यांच्या तोंडून कोणाबद्दल निघालेलं हे सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र.

प्रारूप आराखडा चौसष्ट पानांचा प्रसिद्ध झाला. हरकती-सूचनांना तीस दिवस. टेकडीवर त्या महिन्यात आराखड्याबद्दल जेवढं बोललं गेलं तेवढं कशाबद्दलच गेलं नाही, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने वाचला. मी पंधराव्या पानापर्यंत गेलो होतो. काकांना एक्केचाळिसाव्या पानावर मोर सस्तन प्राण्यांच्या तक्त्यात सापडला. त्यांनी तो रीतसर, पोच घेऊन, पक्ष्यांत आणला.

त्यांच्या एकूण तेवीस सूचना होत्या. नववी चोरवाटांची. टेकडीवर मूळ पायवाटा तीन, आणि लोकांनी पाडलेल्या चोरवाटा चौदा. त्यांनी काठी घेऊन प्रत्येक मोजली होती. चोरवाट सरळ उतारावर जाते, पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं, माती घेऊन जातं, खाली ओघळ पडतो. सबब चौदाही बंद कराव्यात, तिथे आडवे चर घ्यावेत आणि पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी टाकावं. प्राध्यापकांनी ती वाचून काकांचा हात हातात घेतला होता. टेकडीवर हे दृश्य पाहायला बरेच जण थांबले.

अंतिम आराखडा आला. मी धावत वर गेलो. “काका! नववी मान्य! शब्दशः घेतलीय. स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.”

काकांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होतो. तिथे भलतंच काही होतं.

“शब्दशः?”

“शब्दशः.”

“एकही दुरुस्ती नाही?”

“नाही.”

“मग त्यांनी वाचलीच नसणार,” काका म्हणाले आणि बाकावर बसले. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर त्यांचं म्हणणं कोणी असं निमूट मान्य केलेलं नव्हतं. आता पुढे काय करायचं असतं, ते त्यांना खरोखरीच ठाऊक नव्हतं. दोन दिवस ते काठीशिवाय आले.

तिसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. चोरवाटा बंद करायला बाभळीच्या फांद्या आणि एक फळी: ‘पुनरुज्जीवनासाठी वाट बंद. सहकार्याबद्दल आभार.’ आणि चौदांपैकी पहिली बंद झाली ती काकांच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून निघणारी. बावीस वर्षं ते त्या वाटेने वर येत होते. बाकीच्या तेरा चोरवाटा होत्या. ही त्यांच्या मते वाट होती. पण सूचनेच्या तक्त्यात, त्यांच्याच अक्षरात, ती अनुक्रमांक चार होती. मोजली होती त्यांनी, फक्त ती आपली आहे हे मोजताना लक्षात आलं नव्हतं.

काका तीन दिवस रस्त्याने वळसा घालून आले. सव्वा किलोमीटर जास्त, त्यातही एक चढाचा चौक आणि दोन बस-थांबे. बाभळीच्या फांदीला त्यांनी हात लावला नाही. बाकीचे बाजूने घुसत होते, त्यांच्यावर शिट्टी वाजवली. चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “चल. कचेरी उघडेल दहाला.”

बारनिशीच्या खिडकीशी एक तरुण मुलगी होती. तिने कागद उघडला, वाचला, पुन्हा वाचला.

“काका, ही हरकत सूचना क्रमांक नऊवर आहे.”

“बरोबर.”

“ती सूचना तुमचीच आहे.”

“बरोबर.”

मी खिडकीतून डोकावून वाचलं. लिहिलं होतं: ‘महोदय, सदर सूचना करताना सूचनाकाराने स्थळपाहणी पुरेशी केलेली दिसत नाही. सूचनाकारास ज्येष्ठ नागरिकांच्या गुडघ्यांची कल्पना नसावी. सबब अनुक्रमांक चारपुरता फेरविचार व्हावा.’

“स्वतःच्या सूचनेवर हरकत घेता येते का?” मी विचारलं.

“घेऊ द्या की,” मुलगी हसली. “काय हरकत आहे?”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पटकन शिक्का मारला. पोचेवरची तारीख पुसट आली होती. ती त्यांनी पुन्हा मारून घेतली.

सुनावणीच्या दोन नोटिसा त्यांच्या घरी आल्या, एक हरकतदार म्हणून आणि एक सूचनाकार म्हणून. काकूंनी दोन्ही शीतकपाटावर चुंबकाने लावल्या. काका दोन फायली घेऊन गेले. आधी एका खुर्चीत बसून हरकत मांडली, मग उठून शेजारच्या खुर्चीत बसले आणि तिचं खंडन केलं. ओघळाचे फोटो दाखवले, वाहून गेलेल्या मातीचा हिशेब दिला. दुसरी बाजू जास्त जोरात मांडली गेली, हे त्यांनाही बोलता बोलता जाणवत असावं. पण कागदावरचा मुद्दा अर्धवट सोडणं त्यांच्याच्याने झालं नाही. साहेबांनी निकाल दिला: सूचना कायम, हरकत फेटाळली. काकांनी निकालाची प्रमाणित प्रत मागितली. दोन प्रती.

यंदा पाऊस वेळेवर आला. जुलैच्या शेवटी मी सोसायटीच्या मागच्या बाजूने, रस्त्याच्या कडेने चाललो होतो, तर मागच्या फाटकापाशी काका दिसले. बाभळीच्या फांद्यांमधून काठी आत सारून ते ओणवे होऊन काहीतरी बघत होते. बंद वाटेवर गवत आलं होतं. ओल्या मुरुमातून बारीक हिरवी पाती, चराच्या कडेला दाट, मधे विरळ.

“किती?” मी विचारलं.

“चौदा सेंटिमीटर.”

“वा! म्हणजे आलं की हो.”

“काय आलं? कुसळी आलीय.” ते कंबर धरून सरळ झाले. “आराखड्यात तक्ता सहामध्ये पवन्या आणि मारवेल लिहिलंय. हे काय आहे? हे कोणी मंजूर केलं?”

“काका, कुसळी आपोआप येते. तिला कोण मंजुरी देणार?”

त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपला, बाहेर काढला. पावसाने कार्बन भिजला होता.

“तुझ्याकडे आहे का एखादा?”